बारा रुपयांचा मास्तर

१९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नसते. त्या दिवशी पुण्याच्या जोतीराव गोविंदराव फुल्यांनी हंटर आयोगासाठी आपलं निवेदन लिहून पुरं केलं. हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करायला लॉर्ड रिपननं त्याच वर्षी हा आयोग नेमला होता आणि विल्यम हंटर त्याचे अध्यक्ष होते. निवेदन इंग्रजीत आहे. त्यात जोतीरावांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सदस्य अशी करून दिली आहे. ज्या माणसानं १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, बायकोला शिकवून शिक्षिका केलं, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, तो स्वतःच्या नावापुढे शिक्षक असं लिहीत नाही. मजकुरात मात्र पानोपानी शिक्षकच आहे.

हे निवेदन म्हटलं की एक मागणी सगळ्यांना आठवते. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही ती मागणी. ती मोठी होतीच. सरकारी तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, आणि त्यातला शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे, हा त्यांचा हिशेबही प्रसिद्ध आहे. पण मला त्यातला मास्तरांचा भाग अधिक वाचावासा वाटतो. कारण तिथं जोतीराव अगदी घरच्या माणसासारखे तपशिलात शिरतात.

गावच्या शाळांत बहुतेक मास्तर एकाच जातीचे, ब्राह्मण आहेत, असं ते सांगतात. जे ट्रेनिंग न घेतलेले आहेत त्यांना महिन्याला दहा रुपयांच्या वर सहसा पगार नाही आणि विद्याही तेवढीच. मग मास्तर कसा हवा? शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, ट्रेनिंग घेतलेला. लोकांत मोकळेपणानं मिसळणारा. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. त्याला वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीची आणि आरोग्याची मूलतत्त्वं शिकवता आली पाहिजेत. मोडी आणि बालबोध, दोन्ही आली पाहिजेत.

आणि पगार? बारा रुपयांपेक्षा कमी नाही. मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस. शिवाय गावच्या जमाखर्चाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टँपविक्री असं एखादं काम त्याच्याकडे द्यावं, म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल, असंही ते सुचवतात. आज हे वाचून शिक्षक मंडळी हसतील. मतदार याद्या, जनगणना आणि कसल्या कसल्या माहितीचे तक्ते यांनी त्यांचं वजन वाढलेलं नाही, पाठ मात्र वाकली आहे. जोतीरावांना हवा होता तो मान. आमच्या वाट्याला आलं ते काम. बारा रुपयांचा आकडा तरी आपण किती पाळला? २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली. तेव्हापासून नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर राबतो. जोतीरावांच्या भाषेत सांगायचं तर तो अजून दहा रुपयांतच आहे.

या निवेदनात आम्हा मुसलमानांविषयी एक-दोन वाक्यं आहेत. त्यांचा आशय असा की, मुसलमानही या शाळांपासून दूर राहतात, कारण कसं कोण जाणे, त्यांना मराठीची किंवा इंग्रजीची आवड दिसत नाही. त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या थोड्या शाळा आहेत. बस्स, एवढंच.

मी मराठीत कविता लिहितो. ‘तुम्ही मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी?’ हा प्रश्न मला कविसंमेलनांतून, लग्नांतून, एकदा तर एसटीच्या तिकीट खिडकीवरही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथरचना केली, १९९० साली पुण्यातल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद यू. म. पठाणांनी भूषवलं, हे दर वेळी कुठं सांगत बसणार? म्हणून जोतीरावांच्या निवेदनात तेच वाक्य भेटलं तेव्हा थोडं लागलं, हे खरं.

मग पुन्हा वाचलं. त्यातलं ‘कसं कोण जाणे’ महत्त्वाचं आहे. शेतकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, याचं कारण जोतीराव लगेच देतात. दारिद्र्य आहे, आणि गुरं राखायला, शेताकडे बघायला घरात मूल लागतं. मुसलमानांच्या बाबतीत मात्र ते कारण ठोकून देत नाहीत. या माणसाला मुसलमान परके नव्हते. लहानपणी त्यांचं शिक्षण सुटलं तेव्हा मुलाला परत शाळेत घाला म्हणून गोविंदरावांना समजावणाऱ्यांत गफार बेग मुन्शी होते, असं त्यांची चरित्रं सांगतात. आणि त्यांच्या शाळेच्या कामात फातिमा होती.

फातिमाबाईंविषयी अलीकडे फार बोललं जातं. कुणी त्यांचं अख्खं चरित्र रचतो, ९ जानेवारीला जयंती होते. उलट २०२५च्या जानेवारीत अशी बाई झालीच नाही, असंही जाहीरपणे म्हटलं गेलं. मला दोन्हीकडची घाई समजत नाही. सावित्रीबाई आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात त्या म्हणतात की, आपण नसल्यामुळे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. एका शिक्षिकेनं सहकारी बाईची काढलेली ही आठवण आहे. आपल्या रजेत कामाचा बोजा कुणाच्या अंगावर पडला हे तिला ठाऊक आहे. आजही कोणत्याही दोनशिक्षकी शाळेत हे वाक्य जसंच्या तसं ऐकू येईल. मला त्या एका ओळीतली फातिमा पुरते.

आता ‘कसं कोण जाणे’चं उत्तर. इतिहासकार आकडे देतील. मी माझ्या घरातलं सांगतो.

आम्ही नदाफ, म्हणजे पिंजारी. सोलापूर जिल्ह्यातल्या गावात अब्बा गाद्या भरायचे. घरात दखनी, दारात मराठी. माझं वय झालं तरी मला शाळेत घातलेलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी एका संध्याकाळी दारात आले. शेतकऱ्याघरचे, शाळा सुटली की स्वतःच्या रानात जाणारे. पायाला चिखल तसाच. म्हणाले, ‘‘नदाफभाई, पोरगं उद्यापासनं पाठवा.’’ अब्बांनी अडचण सांगितली, ‘‘गुरुजी, आमची घरातली बोली निराळी. ह्याला शाळेतलं मराठी जमंल का?’’ गुरुजी हसले. ‘‘माझ्या घरात तरी कोण पुस्तकातलं बोलतंय? मलाबी शाळेतच शिकावं लागलं की.’’

पुस्तकातली मराठी कुणब्याच्या पोरालाही परकी होती आणि पिंजाऱ्याच्याही. कुणब्याला गुरं राखायला मूल लागायचं, आम्हाला कापूस पिंजायला. म्हणजे जे कारण जोतीरावांनी शेतकऱ्यांसाठी लिहिलं, तेच आमचंही होतं, असं मला वाटतं. आवडीचा प्रश्न नंतरचा. आणि उपायही त्यांनीच सांगितलेला, मुलांच्या घरात जाऊन बसू शकेल असा मास्तर. आमचे गुरुजी वर्गात मला दखनी शब्द विचारायचे, फळ्यावर शेजारी मराठी शब्द लिहायचे. पोरं हसायची, मग आपापल्या घरातले शब्द सांगायची. माझी पहिली शब्दसंपत्ती त्या फळ्यावरची.

आयोगाचा अहवाल १८८३ साली आला. सक्तीची सूचना त्यानं उचलली नाही. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या स्वाधीन कराव्यात, असं मात्र सांगितलं. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सगळ्या बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. गोखल्यांनी १९११ साली मांडलेलं विधेयक पुढच्या वर्षी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्तीचा कायदा केला आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. देशभराचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१०पासून लागू. बाराऐवजी चौदा वर्षांपर्यंत. मधे एकशे सत्तावीस वर्षं गेली. नांगर धरणाऱ्या मास्तराचं कलम मात्र त्यातल्या कुठल्याच कायद्यात आलेलं नाही. आमच्या गावाला तो मिळाला तो योगायोगानं.