अमिगाला सीडी कुणी जोडली?

कमोडोरच्या अमिगा संगणकाला सीडी-रॉम ड्राइव्ह कशी मिळाली, हा इतिहास बहुधा कंपनीच्या उत्पादनांच्या क्रमाने सांगितला जातो: १९९१ साली सीडीटीव्ही, १९९२ साली ए५७०, १९९३ साली सीडी३२. हा क्रम बरोबर आहे. पण घरोघरीच्या अमिगांपर्यंत सीडी पोहोचली ती मुख्यतः या उत्पादनांच्या बाहेरच्या वाटेने, असे माझे ठाम मत आहे. ए५७० चेच पाहा. अमिगा ५०० च्या डाव्या कुशीला जोडायची ही ड्राइव्ह सेकंदाला सुमारे १५० किलोबाइट वाचायची आणि सीडी प्लास्टिकच्या कॅडीत घालून आत सरकवावी लागायची. पण ती ज्या कनेक्टरवर बसायची, तो त्याच वर्षी आलेल्या ए६०० आणि ए१२०० वर नव्हताच. नवा अमिगा घेणाऱ्याला जुनी ड्राइव्ह बरोबर नेता येत नव्हती.

नव्या यंत्रांवर मात्र दोन अशी तोंडे होती, ज्यांच्यावर एकट्या कमोडोरची मालकी नव्हती: पीसीएमसीआयएची खाच आणि हार्डडिस्कसाठीचे आयडीई. हायसॉफ्टचे ‘स्क्विरल’ हे कार्ड त्या खाचेत बसवले की स्कझी या सामाईक जोडणीची कोणत्याही कंपनीची ड्राइव्ह जोडता येई. आयडीईची वाट स्वस्त, पण खटपटीची होती. आतला कनेक्टर छोट्या हार्डडिस्कसाठीचा, ४४ पिनांचा. सीडी ड्राइव्हचा ४० पिनांचा. त्यामुळे अडॅप्टर लागे, ड्राइव्ह पेटीबाहेर ठेवावी लागे आणि तिला वीज वेगळी द्यावी लागे. शिवाय या ड्राइव्ह अटापी पद्धतीच्या, म्हणजे आयडीईच्या केबलवरून स्कझीसारख्या आज्ञा घेणाऱ्या. रॉममधल्या जुन्या ड्रायव्हरला त्या कळत नसत. ‘आयडीईफिक्स’सारख्या प्रोग्रॅमने ती उणीव भरून काढली. त्यावर आयएसओ ९६६० ही सीडीवरील फाइलींची १९८८ ची सामाईक मांडणी वाचणारी फाइल-सिस्टीम हवी, तीही बाहेरच्याच लोकांनी लिहिली. हे जमले, कारण अमिगाडॉसमध्ये नवी फाइल-सिस्टीम साध्या फाइलसारखी डिस्कवर ठेवून चालू करता येते. एमएस-डॉसमध्ये मायक्रोसॉफ्टलाही सीडी ही नेटवर्कवरची ड्राइव्ह असल्याचे भासवून हे काम करावे लागले होते. अमिगाच्या रचनाकारांचा हा मोकळेपणा मला त्या यंत्राच्या चित्रक्षमतेइतकाच मोलाचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, खरे कारण किंमत. पीसीच्या बाजारामुळे ड्राइव्ह स्वस्त झाल्या आणि अमिगावाल्यांना त्याचा आयता लाभ झाला. स्वस्ताई पीसीमुळे आली, हे मान्यच. पण ती अमिगापर्यंत पोहोचली ती तोंडे सामाईक होती म्हणूनच. ए५७० च्या कनेक्टरवर पीसीची ड्राइव्ह सरळ लावता येत नव्हती. दुसरा आक्षेप असा की कमोडोर एप्रिल १९९४ मध्ये बुडाली, म्हणून तिची उत्पादने मागे पडली. कालक्रम हे सांगत नाही. ए५७० निराधार झाली ती त्याआधी दोन वर्षे, आणि बाहेरची वाट तर कंपनी बुडाल्यावरच रुंदावली. इतकेच काय, सीडीटीव्ही आणि सीडी३२ ही सीडीची यंत्रे असलेले लोकही ती केबलने दुसऱ्या अमिगाशी जोडून त्यांचा ड्राइव्ह म्हणून उपयोग करीत.

एवढी धडपड कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. अमिगाच्या फ्लॉपीत ८८० किलोबाइट मावतात. एका सीडीत अशा सातशेहून अधिक फ्लॉपींचा ऐवज. फ्रेड फिश यांनी मोफत वाटता येणारे प्रोग्रॅम गोळा करून हजाराहून अधिक फ्लॉपी काढल्या होत्या. ॲमिनेट या इंटरनेटवरच्या अमिगा-संग्रहात त्याहून मोठा साठा जमत होता. १४.४ किलोबिटच्या मोडेमवरून सीडीभर माल उतरवायला फोन शंभर तास चालू ठेवावा लागला असता. ॲमिनेटच्या सीडी निघू लागल्यावर हा साठा इंटरनेट नसलेल्या घरांतही पोहोचला. सामाईक तोंडांची ती वाट अजून चालू आहे: आज ए१२०० च्या त्याच ४४ पिनांवर लोक कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावतात.