निळी काच, हिरवा दिवा

मंडळी, तुमच्या गावाजवळून आगगाडी जात असेल तर घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारून पाहा. स्टेशनाच्या अलीकडे खांबावर दिसणारा लाल ठिपका, गार्डाच्या हातातला हिरवा कंदील आणि गाडी निघून गेल्यावर अंधारात लहान लहान होत जाणारा शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा त्यांना अजून आठवत असेल. हे दिवे घासलेटावर जळत. रोज काच पुसायची, वात कापायची, टाकी भरायची, असे त्यांचे नेमाचे काम असे.

पुढे वीज आली, वाफेची इंजिने गेली. 1995 साली आपल्या देशातल्या रुंद मार्गावरची वाफेची नेहमीची गाडीही बंद झाली. दिवे मोडीत निघाले. त्यांतला एखादा आजही मोडवाल्याकडे किंवा कुणाच्या माळ्यावर सापडतो. तो हाती आला तर त्याचे काय करावे, हे आज सांगायचे आहे. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मला असा एक हातकंदील मिळाला. आतली नळी फिरवली की भिंगासमोर कधी लाल काच यायची, कधी रिकामी जागा, तर कधी निळसर काच. मला वाटले, हिरव्याच्या जागी कुणीतरी चुकून निळी बसवली. मी ती काढली आणि काचवाल्याकडून छान हिरवीगार काच कापून आणली. बाहेरचा काळपट पत्राही काचकागदाने घासून लख्ख केला. रात्री दिवा लावला आणि पाहतो तो काय? हिरवा उजेड नाहीच. पिवळट, मळकट काहीतरी दिसत होते.

गंमत अशी की निळी काचच बरोबर होती. घासलेटाची ज्योत पिवळी असते. तिच्यात निळा प्रकाश फार थोडा. साध्या हिरव्या काचेतून तो पिवळेपणा बराचसा तसाच बाहेर पडतो. म्हणून कारागिरांनी काचच निळसर केली. ती पिवळा उजेड अडवते आणि दुरून पाहणाऱ्याला स्वच्छ हिरवा दिवा दिसतो. दिवसा निळी, रात्री हिरवी! मी शहाणपणा केला आणि दिव्याला खोटे बोलायला लावले.

आता हा हिरवा रंग आला कुठून, तेही पाहू. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी सुटली, हे मुलांना पाठ असते. त्या काळी विलायतेतल्या रेल्वेवर, जिथून आपल्याकडे ही विद्या आली, लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावकाश आणि पांढरा म्हणजे बेलाशक या, असा संकेत होता. वरवर पाहता सोपा. पण त्यात एक खोट होती. लाल काच फुटली की मागची ज्योत पांढरी दिसणार. म्हणजे जो दिवा ‘थांब’ म्हणायला ठेवला, तोच मोडल्यावर ‘ये’ म्हणणार!

21 जानेवारी 1876 रोजी इंग्लंडात ॲबट्स रिप्टन येथे मोठे हिमवादळ झाले. सिग्नलचा हात खांबाच्या खाचेत हलत असे. त्या खाचेत बर्फ गोठले आणि हात ‘या’ दाखवतच अडकून बसला. केबिनमधल्या माणसाने दांडा ओढला, पण वर काही हलले नाही. चालकाला पांढरा दिवा दिसला. वेगाने येणारी गाडी कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यात समोरून आलेली दुसरी गाडी घुसली. माणसे दगावली. त्यानंतर सिग्नलचा हात एरवी ‘थांबा’ याच स्थितीत ठेवण्याकडे कल झाला. शतक संपता संपता तिथे पांढऱ्याची जागा हिरव्याने घेतली. सावधानतेसाठी पिवळा रंग पुढे आला.

या साऱ्यातून एक धडा निघाला. यंत्र बिघडले तर ते धोक्याच्या बाजूला नव्हे, सुरक्षिततेच्या बाजूला बिघडले पाहिजे. गाडीच्या शेपटीचा तांबडा दिवा त्याच जातीचा. तो दिसला की स्टेशनातल्या माणसाला कळे, गाडी सबंध आली, मागे वाटेत एखादा डबा सुटून राहिला नाही. दिवा दिसला नाही, तर मागची गाडी सोडायची नाही.

म्हणून सांगतो, जुना दिवा हा नुसता पितळेचा तुकडा नव्हे, तो साक्षीदार आहे. साक्षीदाराचे तोंड धुवावे, पण त्याची जीभ कापू नये.

दिवा हाती आला की आधी कागद-पेन्सिल घ्या. त्याचे चित्र काढा, त्यावरची अक्षरे उतरवा. ‘जी. आय. पी.’ असे ठोकलेले असेल तर तो मध्य रेल्वे होण्यापूर्वीचा, म्हणजे 1951 च्या आधीचा समजायला हरकत नाही. माझ्या कंदिलावर रंगाने काहीतरी लिहिलेले होते. स्टेशनाचे नाव असावे. काचकागदाखाली तेही गेले. आता तो दिवा कुठल्या स्टेशनाचा, हे कुणीच सांगू शकणार नाही.

मग टाकी रिकामी करा. जुन्या घासलेटाची वाफ आत राहते, म्हणून ती नीट धुऊन वाळल्याशिवाय डाख देण्यासाठी जवळ विस्तव नेऊ नका. काजळी कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने काढा. बिजागरी गंजली असेल तर तेलाचे दोन थेंब सोडून दोन दिवस धीर धरा. हातोडी उचलू नका. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा खरवडू नका, मुलांना तर मुळीच खरवडू देऊ नका. तडकलेली काच शक्यतो तशीच ठेवा. बदलावीच लागली तर जुना तुकडा पुडीत बांधून दिव्याबरोबर जपा. विजेचा दिवा लावायचा असेल तर टाकीला भोक पाडू नका. वायर असलेल्या फटीतूनच न्या आणि पिवळसर उजेडाचा बल्ब घ्या. पांढराशुभ्र लावलात तर निळी काच निळीच दिसेल.

आणखी एक. दिवा घेऊन रुळांजवळ जाऊ नका. रात्री लाल दिवा दाखवणे, किंवा तो नसेल तर पांढरा दिवा जोरजोराने आडवा हलवणे, म्हणजे आजही ‘गाडी थांबवा’. ही थट्टेची भाषा नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेला असा दिवा मिळाला तर ती निळी काच आधी उन्हात धरून मुलांना दाखवा. मग खोली अंधारी करून दिवा स्वतः लावा आणि विचारा, आता रंग कोणता? मुले ‘हिरवा’ म्हणतील आणि एकमेकांकडे बघतील. तिथून धडा सुरू करा.

माझ्या कंदिलात ती हिरवी काच आता नाही. जुनी निळी काच मी फेकली नव्हती, एवढे माझे नशीब. ती परत बसवली आहे. पत्र्यावरचे नाव मात्र परत येणार नाही.