सामूहिक उकल: अवघड गणिते एकत्र सोडवताना काय घडते

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या २०११ सालच्या ॲम्स्टरडॅममधल्या परीक्षेत दुसरा प्रश्न पवनचक्कीचा होता. प्रतलात काही बिंदू आहेत. त्यांतले कोणतेही तीन एका रेषेत नाहीत. एका बिंदूतून जाणारी रेषा त्या बिंदूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागते. फिरताना ती दुसऱ्या एखाद्या बिंदूला टेकली की तो नवा आस होतो आणि रेषा आता त्याच्याभोवती फिरते. हे असेच अखंड चालते. सुरुवातीचा बिंदू आणि रेषा योग्य निवडल्यास प्रत्येक बिंदू अनंत वेळा आस होईल, हे सिद्ध करायचे. प्रश्न समजायला आठवीची भूमिती पुरते. तरीही जगभरातून निवडून आलेल्या पाचशेहून अधिक मुलांपैकी फार थोड्यांना तो पूर्ण सुटला.

परीक्षा संपल्यावर त्याच महिन्यात गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी हा प्रश्न इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. टाओ स्वतः १९८८ साली, तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास, याच स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून बसलेले. प्रश्न सोडवायला कोणीही यावे, विद्यार्थ्याने यावे, प्राध्यापकाने यावे; मात्र ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याने ते फोडू नये. उकल सव्वा तासाच्या आसपास निघाली.

या सव्वा तासाचे कौतुक करण्याआधी एक हिशेब मांडायला हवा. ऑलिंपियाडमध्ये तीन प्रश्नांना साडेचार तास मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड तास. ज्या मोजक्या मुलांनी पवनचक्की एकट्याने सोडवली, त्यांच्यापेक्षा हा समूह फारसा वेगवान नव्हता. म्हणजे दहा डोकी एकत्र आली की बुद्धी दहापट होते, हा समज इथे टिकत नाही. समूहाने सर्वोत्तम स्पर्धकाला मागे टाकले नाही. सरासरी स्पर्धकाला मात्र खूपच मागे टाकले. हा फरक कशामुळे पडला, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

सुदैवाने अशा प्रयत्नाचा प्रत्येक शब्द लिहिलेला राहतो. फळ्यावरचे पुसले जाते, कच्च्या वहीची पाने फाडली जातात. इथे चुकलेली वाटही तारीखवेळेसह शिल्लक उरते. उर्सुला मार्टिन आणि ॲलिसन पीझ या संशोधकांनी पवनचक्कीची ही सारी चर्चा तपासली, तेव्हा तिचा सुमारे तृतीयांश भाग उदाहरणांनी व्यापलेला आढळला. सिद्धतेचे प्रत्यक्ष तुकडे त्या मानाने थोडे होते. गणित म्हणजे सिद्धता असे पाठ्यपुस्तकातून शिकलेल्याला हे विचित्र वाटेल, पण काम करणाऱ्याला वाटणार नाही.

त्यातले एक उदाहरण चुकीचे होते, आणि माझ्या मते साऱ्या चर्चेतले तेच सर्वांत बोधप्रद आहे. समभुज त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू आणि मधोमध एक बिंदू घ्या, असे एकाने सुचवले. रेषा एकदा शिरोबिंदूवर गेली की कडेकडेनेच फिरत राहील, मधला बिंदू पुन्हा कधी आस होणारच नाही, म्हणून विधानच खोटे दिसते. आपले काहीतरी चुकते आहे, असेही त्याने लिहिले. थोड्याच वेळात दुसऱ्याने शिरोबिंदूंना अ, ब, क आणि मध्याला म अशी नावे देऊन क्रम करून दाखवला: म, अ, क, म, ब, अ, आणि पुढे तसेच. मधला बिंदू परत परत येतो. मग पहिल्याच्या लक्षात आले की आपण रेषेऐवजी किरण धरला होता, एकाच बाजूला जाणारा. रेषा दोन्हीकडे जाते, त्यामुळे नवा आस मागच्या बाजूनेही लागू शकतो.

हीच चूक परीक्षेच्या दालनात झाली असती तर? मुलगा अर्धा-पाऊण तास खोट्या पवनचक्कीशी झुंजत बसला असता आणि त्याला सांगणारे कोणीच नसते. समूहात तिची किंमत काही मिनिटे पडली, आणि जे गप्प राहून तीच चूक करत होते त्यांचीही सुटका झाली. समूहाचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ हाच: चूक स्वस्त होते. उत्तर सुचण्याचा वेग त्याने वाढतोच असे नाही. चुकीच्या वाटेवर घालवलेला वेळ मात्र नक्की घटतो.

आता उकलीचा गाभा. बिंदूंची संख्या विषम धरा. सुरुवातीची रेषा अशी घ्या की आसाखेरीज उरलेल्या बिंदूंपैकी निम्मे तिच्या एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला असतील. आस बदलतो तेव्हा नवा बिंदू ज्या बाजूकडून रेषेवर आला, त्याच बाजूला जुना आस जाऊन पडतो. म्हणून दोन्ही बाजूंची संख्या कधीच बदलत नाही. रेषा १८० अंश फिरली की तिची दिशा पहिल्यासारखीच होते. त्या दिशेत बिंदूंना समान दुभागणारी आणि एका बिंदूतून जाणारी रेषा एकच असते, त्यामुळे ती मूळ जागेवर परत येते. फक्त बाजूंची अदलाबदल झालेली असते. जो बिंदू डावीकडे होता तो आता उजवीकडे आहे. रेषा त्याच्यावरून गेल्याशिवाय हे होणे शक्य नाही, आणि तिच्या वाटेत आलेला प्रत्येक बिंदू आस होतोच. अर्ध्या फेऱ्या अनंत, म्हणून प्रत्येक बिंदूची पाळीही अनंत वेळा. बिंदूंची संख्या सम असेल तर एका बाजूला एक बिंदू जास्त ठेवायचा. बाकी विचार तोच.

यातली कळीची कल्पना म्हणजे निम्मे-निम्मे. ती कोणा एकाच डोक्यात येते; चारजणांच्या डोक्यांत पाव-पाव येत नाही. ही पायरी समूहाला वाटून घेता येत नाही, असे माझे मत आहे. समूह तिच्यासाठी जमीन तयार करतो. सगळे बिंदू बहिर्वक्र बहुभुजाच्या शिरोबिंदूंवर असतील तर काम सोपे आहे, आत एखादा बिंदू असेल तर काय होते, हे आधी कोणीतरी करून पाहिलेले असते. मग ज्याला ‘दोन्ही बाजूंचे बिंदू मोजून पाहू’ असे सुचते, त्याला ते रिकाम्या पाटीवर सुचलेले नसते.

म्हणूनच नियमांना महत्त्व आहे. गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये खूप माणसांनी मिळून गणित करता येईल का असा प्रश्न विचारून ‘पॉलिमॅथ’ उपक्रम सुरू केला, तेव्हा एक अपेक्षा स्पष्ट केली होती: छोटा, अर्धवट विचारही लगेच मांडा; आठवडाभर दाराआड बसून पूर्ण सिद्धता घेऊन येऊ नका. हुशार मुलांना हे जड जाते. वर्गात पूर्ण उत्तर येत असेल तरच हात वर करायची सवय लागलेली असते. आपल्याकडे त्या सवयीला परीक्षेचेही बळ मिळते. ऑलिंपियाडच्या भारतीय वाटेवरची पहिली पायरी असलेल्या ‘आयओक्यूएम’मध्ये फक्त ०० ते ९९ मधली संख्या भरायची असते, सिद्धता लिहायची वेळ पुढच्या, ‘आरएमओ’च्या पायरीवर येते. मुंबईतले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या परीक्षांतून निवडलेल्या मुलांचे शिबिर भरवते. पण तिथवर पोचेपर्यंत बरीच मुले ‘उत्तर काय आले?’ एवढेच विचारायला शिकलेली असतात. त्यांच्या गटात कोणीतरी संख्या टाकतो आणि चर्चा तिथेच संपते.

कोणते प्रश्न समूहाला मानवतात, हेही पाहायला हवे. टाओ यांनी २००९ ते २०१२ या चार वर्षांत निवडलेले चारही ऑलिंपियाड प्रश्न चयनगणिताच्या घरातले होते: खड्डे टाळत उड्या मारणारा नाकतोडा, पेट्यांतली नाणी, पवनचक्की, आणि खोटे बोलणाऱ्याशी अंकांचा खेळ. अशा प्रश्नांत तीन-चार बिंदू किंवा दोन पेट्या घेऊन कोणालाही काहीतरी करून पाहता येते, त्यामुळे दुबळ्यालाही काम मिळते. असमतेच्या प्रश्नात बहुतेकदा एकच युक्ती असते. ती ज्याला दिसली त्याचे काम झाले, बाकीचे प्रेक्षक. भूमितीला आकृती लागते आणि टंकलेल्या मजकुरातून आकृती नीट पोचत नाही.

समूहाने सोडवलेले गणित आपल्याला आले, असे वाटणे हा या पद्धतीतला मोठा धोका आहे. सव्वा तासात जे अनेकांनी मिळून केले त्यातले आपण काय केले? बहुतेकांचे प्रामाणिक उत्तर ‘वाचले’ एवढेच असेल. एकट्याने तासभर अडकून बसण्याचा सराव गटात होत नाही, आणि परीक्षा नेमका तोच मागते. माझ्या मते आधी एकट्याने, वही-पेन्सिल घेऊन, थकेपर्यंत. मग गटात, तेही अर्धवट विचार सोबत घेऊन. ‘ज्याला ठाऊक आहे त्याने फोडू नये’ हा नियम पाळायलाही आता जास्त निग्रह लागतो. २०२५ च्या ऑलिंपियाडचे सहापैकी पाच प्रश्न यंत्रांनी सोडवले. उत्तर हवे त्याला ते मागायला फारसे कोठे जावे लागणार नाही.

या अडचणीवर एक वेगळा तोडगा आधीच निघाला होता. अमेरिकेत एमआयटीच्या ‘प्राइम्स’ कार्यक्रमाने आणि ‘आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या संकेतस्थळाने २०१६ पासून ‘क्राउडमॅथ’ चालवले. त्यात शाळा-कॉलेजातल्या मुलांपुढे ज्यांचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही असे प्रश्न ठेवले. तिथे फोडायला उत्तरच नसते, म्हणून अर्धवट विचाराला आपोआप किंमत येते. यातून निघालेल्या शोधनिबंधांवर लेखक म्हणून ‘पी. ए. क्राउडमॅथ’ हे एकच सामूहिक नाव छापले जाते. प्रवेशअर्जात स्वतःचे नाव शोधणाऱ्या पालकांना ते पसंत पडेल अशी खात्री देता येत नाही. पण चुकीचा त्रिकोण मांडणारा आणि निम्मे-निम्मे सुचलेला यांच्यात श्रेय कसे वाटायचे, याचे याहून प्रामाणिक उत्तर अजून माझ्या पाहण्यात नाही.