नारा नगरींतील छायाचित्रकार

इ. स. ७१० ते ७८४ या काळांत, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, नारा ही जपानची राजधानी होती. पुढें राजसत्ता गेली; मंदिरें, मूर्ति आणि शांतता मात्र मागें राहिली. तेथील महाबुद्धाचें नेत्रोन्मीलन ७५२ सालीं बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्तें झालें होतें.

या नगरींत कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षें हिंडलेले इरिए ताइकिची (१९०५–१९९२) हे मूळचे नाराचेच. मार्च १९४५ च्या बाँबवर्षावांत ओसाका येथील त्यांचें घर जळालें, तेव्हां ते जन्मगांवीं परतले. युद्ध संपतांच, अमेरिकन लोक भरपाईदाखल येथील बुद्धमूर्ति उचलून नेणार, अशी वदंता उठली. मूर्ति राखणें आपल्या हातीं नाहीं, निदान त्यांचें रूप तरी राखावें, या हेतूनें त्यांनीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला. वदंता खोटी ठरली. तथापि मंदिरें, मातीच्या भिंती, पाऊस व बर्फ टिपीत त्यांची भटकंती पुढेंही चालूच राहिली.

मग ती धडपड व्यर्थ म्हणावी काय? नाराजवळच्याच होर्युजी मंदिरांतील भित्तिचित्रांची तुलना अजिंठ्याशीं होत असे. तीं २६ जानेवारी १९४९ रोजीं आगींत होरपळलीं. सुदैवानें १९३५ सालीं त्यांचीं मूळ आकाराचीं छायाचित्रें घेतलेलीं होतीं. त्यांच्याच आधारें १९६७-६८ मध्यें चित्रकारांनीं तीं नव्यानें रंगविलीं. जें परक्या सैन्यानें केलें नाहीं, तें घरच्या आगीनें केलें. नाश कोणत्या दारानें येईल हें आधीं कळत नाहीं. म्हणून वस्तु शाबूत आहे तोंवरच तिचें चित्र घेऊन ठेवावें.