बराकीपासून सनदेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उल्हास नदीच्या परिसरात एक मोठी लष्करी छावणी उभी राहिली. सुमारे ६ हजार सैनिक आणि इतर ३० हजार माणसे सामावून घेण्याइतकी ती विस्तीर्ण होती. तिच्यात २,१२६ बराकी आणि सुमारे १,१७३ क्वार्टर्स होती. युद्ध संपले आणि छावणी ओस पडली. १९४७ नंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबे याच रिकाम्या बराकींत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावणीतला तात्पुरता आसरा हक्काचे घर कसा झाला आणि त्या घराला कोण पात्र ठरले, हा या शहराच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

पंजाबची फाळणी झाली तेव्हा पूर्व पंजाबातून गेलेल्यांची घरे आणि शेते पश्चिम पंजाबातून आलेल्यांना देता आली. सिंधचे तसे नव्हते. हा प्रांत अखंड पाकिस्तानात गेला, त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात आपला म्हणावा असा कोणताही प्रदेश उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली, स्थलांतराचा वेग वाढला आणि बोटी भरभरून लोक मुंबई बंदरात येऊ लागले. मुंबई प्रांतात निर्वासितांना वाटता येईल अशी सोडून दिलेली मालमत्ता फारशी नव्हती. सरकारच्या हाताशी होत्या त्या लष्कराच्या मोकळ्या छावण्या.

बहुतेक बराकींत मधोमध मोठे दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या असत. सैनिकांच्या खाटांसाठी बांधलेल्या या दालनात अनेक कुटुंबांनी संसार मांडले. दोन घरांमधली भिंत म्हणजे गोणपाट, चादर किंवा जुनी साडी. नळ आणि संडास सामाईक. पुढे विटा आल्या, पार्टिशने पक्की झाली, दारे वेगळी निघाली. हे काम बहुतांशी कुटुंबांनी स्वतःच्या पैशाने आणि हातांनी केले. जुन्या वस्तीतले पत्ते आजही बराक क्रमांक, खोली क्रमांक आणि १ ते ५ पैकी कॅम्पचा आकडा अशा क्रमाने लिहिले जातात.

मालकी हक्काची पहिली पायरी म्हणजे विस्थापित म्हणून मान्यता. १९५४च्या विस्थापित व्यक्ती भरपाई आणि पुनर्वसन कायद्याने विस्थापिताची व्याख्या केली. फाळणीमुळे किंवा दंगलींच्या भीतीने १ मार्च १९४७ नंतर पश्चिम पाकिस्तानातले राहते ठिकाण सोडून भारतात राहू लागलेली व्यक्ती विस्थापित ठरली. यावरून राहण्याची जागा मिळू शकत होती. मालकीचा मार्ग मात्र दुसऱ्या एका कागदातून जात होता. तो कागद म्हणजे ‘क्लेम’.

१९५०च्या दावे कायद्याखाली मागे राहिलेल्या मालमत्तेची नोंद आणि पडताळणी सुरू झाली. सिंधमधल्या हैदराबाद, शिकारपूर, सक्कर किंवा लाडकाणा इथले घर, त्याचे खरेदीखत, कराच्या पावत्या, साक्षीदार यांवर दाव्याची रक्कम ठरे. घाईने निघालेल्यांकडे हे कागद असतीलच याची शाश्वती नव्हती. शिवाय जो तिकडे भाड्याने राहत होता किंवा मजुरी करत होता, त्याला घराबद्दल मागायला काहीच नव्हते. या व्यवस्थेचा मोठा दोष इथेच आहे. कायद्याने हरवलेली मालमत्ता मोजली, हरवलेला निवारा मोजला नाही.

१९५४च्या कायद्याने भरपाईचा निधी उभा केला. त्यात पाकिस्तानात गेलेल्यांची ताब्यात घेतलेली मालमत्ता, सरकारी घरे आणि रोख रक्कम यांचा समावेश होता. दावा पूर्ण रकमेने कधीच फेडला गेला नाही. तरी भरपाईचे प्रमाण उतरत्या श्रेणीचे ठेवल्यामुळे लहान दावेदाराला त्याच्या दाव्याचा तुलनेने मोठा हिस्सा मिळाला आणि मोठ्या जमीनदाराला लहान. १९५५च्या नियमांनुसार राहत्या सरकारी घराची किंमत या भरपाईतून वळती करता येत असे. एकाचा क्लेम अपुरा पडला तर दुसऱ्या दावेदाराचा क्लेम त्याला जोडण्याची सोय होती. ज्यांच्याकडे क्लेमच नव्हता, त्यांनाही ताब्यातल्या लहान घराची किंमत हप्त्यांनी भरण्याचा मार्ग खुला ठेवला गेला. गरिबांसाठी या कायद्यातली सर्वांत मोलाची तरतूद हीच. किंमत पूर्ण फिटली की हस्तांतराचा दस्त किंवा सनद हाती येई.

सिंधी निर्वासितांसाठी कच्छमध्ये याच काळात वेगळा प्रयोग झाला. सिंधी उद्योजक भाई प्रताप यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि कच्छच्या महारावांनी दिलेल्या जमिनीवर गांधीधाम वसले. तिथे आधी आराखडा झाला, मग माणसे आली. उल्हासनगरात माणसे आधी आली आणि आराखडा त्यांच्या मागून धावत राहिला.

त्याचे परिणाम पुढे दिसले. कुटुंबे वाढली, बराकींमधल्या मोकळ्या जागा भरल्या, खोल्यांवर मजले चढले. सनद एका तुकड्याची, बांधकाम त्याहून मोठे, अशी स्थिती घरोघरी झाली. मुंबई उच्च न्यायालयासमोर ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न गेला आणि २००५ मध्ये तोडकाम सुरू झाले. त्यावर उपाय म्हणून राज्याने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. मे २०२१ मध्ये काही दिवसांच्या अंतराने शहरातल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवाशांचे जीव गेले. बांधकामाचा दर्जा हा कागदाइतकाच गंभीर प्रश्न आहे, हे त्यातून भीषणपणे समोर आले.

पात्रतेचा वेगळा विचार करणारी सेवाभावी संस्थांची गृहनिर्माण पद्धत महाराष्ट्रात ठळकपणे दिसली ती लोणावळ्याजवळच्या मळवली इथे. मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ने २००६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या उपस्थितीत तिथे स्वयंसेवकांकडून शंभर घरांचे काम करून घेतले. या संस्थेच्या मूळ पद्धतीत कुटुंब तीन कसोट्यांवर निवडले जाते. सध्याचे घर राहण्याजोगे नसावे, नफा न घेता दिलेल्या कर्जाचे हप्ते फेडता यावेत आणि बांधकामात स्वतः राबण्याची तयारी असावी. परत आलेल्या हप्त्यांतून पुढची घरे बांधली जातात. उल्हासनगरच्या निर्वासितांनी या तिन्ही कसोट्या प्रत्यक्षात पार केल्या होत्या. पण घर राहते करण्यासाठी त्यांनी उपसलेले कष्ट सरकारी हिशेबात पात्रता म्हणून धरले गेले नाहीत.

परवडणाऱ्या घरांची मागणी पुढे रेल्वेमार्गाने अंबरनाथ आणि बदलापूरकडे सरकली. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती, २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. २०१५च्या प्रधानमंत्री आवास योजनेने पात्रतेची भाषा पूर्ण बदलली. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, ६ लाखांपर्यंत असेल तर अल्प उत्पन्न गट. पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून एक कुटुंब, आणि त्यांपैकी कुणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे. घराच्या मालकीत स्त्रीचे नाव असावे, यावरही योजनेचा भर राहिला. १९५०च्या दशकात मागे काय सोडून आलात हे सिद्ध करावे लागे. आता आपल्याकडे काहीच नाही हे सिद्ध करावे लागते.

१९५४चा कायदा २००५ मध्ये रद्द झाला, पण बराकींच्या सनदांचा प्रश्न त्याबरोबर मिटला नाही. ज्या घरांत आजोबांचे वाटपपत्र, क्लेमचे आदेश किंवा हप्त्यांच्या पावत्या अजून असतील, त्यांनी ते कागद जपून ठेवावेत. मालकीचा दावा आजही त्यांच्याच आधारावर उभा राहतो.