धाक (भूमिकाखेळातील)
फाशांवर चालणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांत शत्रूला न मारता नमवण्याचा डाव. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या (१९७४) १९८१ मधील बेसिक आवृत्तीत राक्षसांना २ ते १२ असा मनोधैर्याचा अंक असतो. टोळीतला पहिला गडी पडला किंवा निम्मी टोळी गारद झाली, की दोन फासे टाकतात. बेरीज अंकापेक्षा जास्त आली, तर टोळी पळ काढते किंवा शरण येते. पाचव्या आवृत्तीत धाक हे पात्राचे कौशल्य आहे आणि बराचसा निकाल खेळ चालवणाऱ्याच्या मर्जीवर असतो. जुना नियमच अधिक चोख. प्रत्यक्ष रणातला अस्सल नमुना खोपोलीजवळच्या उंबरखिंडीचा (१६६१): शिवाजी महाराजांनी खिंडीची दोन्ही तोंडे रोखली. पाण्यावाचून कासावीस झालेल्या मोगल सरदार कारतलबखानाने सोबतची सरदारीण रायबागन हिच्या सल्ल्याने खंडणी देऊन वाट मागितली.