फोनो कार्ट्रिज

फोनो कार्ट्रिज हा ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतून जाणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारा घटक होय. तो रेकॉर्ड प्लेयरच्या दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. माफक किमतीचे कार्ट्रिज निवडताना आपल्या संग्रहात कोणत्या तबकड्या आहेत, हे प्रथम पाहावे लागते.

सुई आणि खाच

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. ३३⅓ फेऱ्यांच्या विनाइल तबकडीला, म्हणजे एलपीला, १८ मायक्रॉनच्या आसपासची सुई पुरते. बारीक सुई जुन्या तबकडीच्या खाचेत तळाशी घासत जाते व खरखर वाढवते. जाड सुई एलपीच्या खाचेत नीट उतरतच नाही. ग्रामोफोनची पोलादी सुई तर एलपीवर कधीही लावू नये.

वऱ्हाडातील जुन्या संग्रहांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरूनच घरोघरी पोहोचली. अशी तबकडी एकदा झिजली की गेलेला स्वर परत येत नाही.

प्रकार व खर्च

सिरॅमिक कार्ट्रिज स्वस्त असते, परंतु त्याचा दाब बहुधा अधिक असतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकार तबकडीला अधिक मानवतो. त्याचा संकेत मात्र काही मिलिव्होल्टच असल्याने वेगळा फोनो प्रवर्धक लागतो. हा खर्च अनेकजण हिशेबात धरीत नाहीत. मूव्हिंग कॉइल प्रकार सामान्यतः महाग असून त्यातील बहुतेकांची सुई घरी बदलता येत नाही.

ऑडिओ-टेक्निकाचे एटी३६००एल हे साध्या शंक्वाकार सुईचे, २.५ ते ३.५ ग्रॅम दाबाचे स्वस्त कार्ट्रिज आहे. त्याच कंपनीच्या एटी-व्हीएम९५ मालिकेत मूळ भाग तोच ठेवून सुई बदलता येते. ७८ फेऱ्यांसाठीही स्वतंत्र सुई मिळते. दोन्ही प्रकारच्या तबकड्या असणाऱ्यास हीच सोय अंती स्वस्त पडते.

वापर

दाब नेमून दिल्यापेक्षा कमी ठेवल्यास तबकडी वाचते, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींना इजा करते. सुईच्या दांडीला धरून ठेवणारे रबर वयाने व उष्णतेने कडक होते. दर्यापूर-अकोला भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे जुन्या साठ्यातील न वापरलेले कार्ट्रिजही तपासूनच घ्यावे. सुईवरील धूळ मऊ कुंचल्याने मागून पुढे, एकाच दिशेने झाडावी.